शार्डोने इथे लिंबू, तिथे अननस: वाइनमागचं हवामान

वाइन टेस्टिंगच्या संध्याकाळी समोर पाच-सहा ग्लास ओळीने मांडलेले असतात आणि ते भरण्याचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. आधी शॅम्पेन किंवा तशीच एखादी फसफसणारी, मग आंबटसर पांढरी, मग जरा भरदार पांढरी, त्यानंतर हलकी लाल, मग गडद लाल आणि शेवटी गोड. कारण विचारलं तर उत्तर मिळतं की हलक्याकडून जडाकडे जायचं, नाहीतर जड वाइननंतर हलकी पाणचट लागते. ते बरोबरच आहे. पण त्याच बाटल्या नकाशावर मांडून पाहा. शेवटची गोड वाइन बाजूला ठेवली, तर बऱ्याचदा आपण थंड प्रदेशाकडून उष्ण प्रदेशाकडे निघालेलो असतो. शॅम्पेन साधारण ४९ अंश उत्तर अक्षांशावरची, तर शेवटची गडद शिराझ ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातली, ३४-३५ अंश दक्षिणेची, रणरणत्या उन्हातली.

हे का होतं ते कळायला द्राक्षाच्या एका मण्यात डोकावून पाहावं लागतं.

फुलोऱ्यानंतर मणी धरतो तेव्हा तो हिरवा, टणक आणि दाताला झिणझिण्या आणणारा आंबट असतो. पहिले काही आठवडे त्यात आम्लंच साठत जातात, मुख्यतः टार्टारिक आणि मॅलिक ही दोन. मग मण्यात पाणी उतरतं. मणी मऊ होतो, लाल जातींना रंग चढू लागतो आणि पानांत तयार होणारी साखर झपाट्याने मण्याकडे वळते. त्याच सुमारास वेल मण्यातलं मॅलिक आम्ल श्वसनासाठी वापरायला लागते. म्हणजे इथून पुढे साखर चढते आणि आम्ल उतरतं. तोडणी कधी करायची, हा प्रश्न म्हणजे या दोन रेषा कुठे थांबवायच्या हा प्रश्न.

हवामान या दोन्ही रेषांचा वेग ठरवतं. ऊबदार जागी साखर लवकर चढते आणि मॅलिक आम्ल लवकर जळून जातं. थंड जागी दोन्ही गोष्टी रेंगाळतात, आणि कधी कधी साखर पुरेशी भरण्याआधीच शरद ऋतूतला पाऊस येऊन सगळा हिशेब बिघडवतो. टार्टारिक आम्ल मात्र उन्हाने फारसं हलत नाही, म्हणून उष्ण प्रदेशातली वाइनही अगदी सपाट लागत नाही.

साखरेचं पुढे काय होतं ते सोपं आहे. यीस्ट ती खाऊन अल्कोहोल बनवतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल मिळतं, म्हणजे १३ टक्क्यांच्या वाइनसाठी रसात लिटरला सुमारे २२० ग्रॅम साखर हवी. उन्हात भरपूर पिकलेल्या द्राक्षांत २५० ग्रॅमच्या पुढे साखर जाते आणि वाइन १५ टक्क्यांना टेकते. अल्कोहोल वाढलं की घोट तोंडात भरलेला, दाट आणि किंचित उष्ण लागतो. टेस्टिंगमध्ये ज्याला ‘जड’ म्हणतात त्यातला बराच भाग हा असा उन्हातून आलेला असतो.

वास आणि रंगाचं गणित याहून गुंतागुंतीचं आहे, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे. शार्डोने ही जात जवळपास कुठेही लावतात, म्हणून ती हवामान दाखवायला फार उपयोगी पडते. फ्रान्सच्या शाब्लीमध्ये तिला लिंबू आणि हिरव्या सफरचंदाचा वास येतो. जरा उबेत नेली की पीच येतो, आणि कडक उन्हात अननस, पिकलेला आंबा. रोप तेच, फळ मात्र वेगळ्या टप्प्यावर थांबलेलं.

शिराझचं उदाहरण त्याहून नेमकं आहे. थंड जागेतल्या शिराझला काळ्या मिऱ्याचा स्पष्ट वास येतो. तो रोटंडोन नावाच्या संयुगाचा असतो आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये तो दुवा जोडून दाखवला. हेच संयुग खुद्द काळ्या मिऱ्यातही असतं. मळा जितका थंड, तितकं ते मण्याच्या सालीत जास्त सापडतं. उष्ण जागेत त्याच जातीचा मिरमिरीतपणा मागे पडतो आणि गडद, मुरांब्यासारखा वास पुढे येतो. ढोबळी मिरचीचा हिरवा वास येणारं कॅबर्ने सोव्हिन्यों (ही एक लाल जात) कधी प्यायला असाल तर तिथे मिथॉक्सिपायराझीन नावाची संयुगं होती. ती मणी पिकताना आणि घडांवर ऊन पडताना कमी होतात. थंड वर्षात किंवा फार दाट पानोऱ्याखाली ती मागे उरतात. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या जातीत तोच हिरवेपणा लोकांना हवाहवासा वाटतो, कॅबर्नेत खपत नाही.

रीझलिंग या जातीचा चक्क केरोसीनसारखा वास हीसुद्धा उन्हाचीच करणी. घडांवर ऊन जास्त पडलं तर त्या वासाची पूर्वद्रव्यं मण्यात जास्त बनतात आणि बाटलीत काही वर्षं मुरल्यावर तो वास उघडा पडतो. काहींना तो दोष वाटतो. मला थोडा असला तर आवडतो.

पण ‘उन्हाने रंग चढतो’ असं सरसकट म्हणता येत नाही. उजेड हवा, अति उष्णता नको. ३५ अंश सेल्सियसच्या वर पानांचं कामच मंदावतं आणि फार तापलेल्या मण्यांत रंगद्रव्यं नीट तयार होत नाहीत. पिनो न्वारसारखी पातळ सालीची जात तर हंगामाचं सरासरी तापमान साधारण १४ ते १६ अंशांत असेल तिथेच खुलते. त्याच्या वर गेली की तिची नाजूक चव जाऊन नुसती गोडसर लाल वाइन हाती येते.

इथे तो ‘सरासरी’ शब्द आला, आणि सगळी गंमत त्याच्यातच दडली आहे. १९४४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मेनार्ड अमेरिन आणि अल्बर्ट विंकलर यांनी एक मोजमाप मांडलं. १० अंश सेल्सियसच्या खाली वेल जवळजवळ वाढत नाही, म्हणून दिवसाच्या सरासरी तापमानातून १० वजा करायचे आणि एप्रिल ते ऑक्टोबरपर्यंतच्या सगळ्या दिवसांची बेरीज करायची. २२ अंशांचा दिवस असेल तर खात्यात १२ जमा. या बेरजेवरून त्यांनी कॅलिफोर्नियाचे थंड ते उष्ण असे पाच पट्टे पाडले आणि कोणत्या पट्ट्यात कोणती जात लावावी ते सुचवलं. ही पद्धत आजही वापरात आहे आणि कामाचीही आहे. पण बेरीज सारखी असूनही दोन मळ्यांच्या वाइन एकमेकींच्या जवळपासही जात नाहीत, असं वारंवार दिसतं. कारण सरासरी हे सांगत नाही की गारवा कुठून आला आणि कोणत्या वेळी आला.

रात्रीचंच पाहा. दिवसा ३० आणि रात्री १०, किंवा दिवसा २३ आणि रात्री १७. सरासरी दोन्हीकडे २०. पहिल्या मळ्यात दिवसाच्या उन्हात साखर भरते आणि रात्री मण्याचं श्वसन मंदावतं, त्यामुळे आम्ल टिकायला मदत होते. अर्जेंटिनातला मेंडोसा प्रांत हे याचं ठळक उदाहरण. तिथला पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर, कारण अँडीज पर्वत पॅसिफिककडून येणारे ढग अडवतो. जवळपास वाळवंटच. बर्फ वितळून आलेल्या पाण्यावर बागा जगतात. पण बागा उंचावर आहेत: उको खोऱ्यातल्या अनेक बागा समुद्रसपाटीपासून १,००० मीटरच्या वर, आणि उत्तरेकडच्या साल्टा प्रांतात काही मळे ३,००० मीटरच्याही पुढे. दर १०० मीटरला तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं. शिवाय कोरड्या हवेत सूर्य मावळला की जमीन भराभर निवते. म्हणून तिथल्या माल्बेक या लाल जातीचा घोट घ्याल तर रंग शाईसारखा, फळ पिकलेलं, अल्कोहोल भरपूर आणि तरी खाली एक ताजा आंबटपणा. नुसत्या अक्षांशावरून हे कुणालाच सांगता आलं नसतं.

काही ठिकाणी गारवा समुद्रातून येतो. चिलीचं कासाब्लांका खोरं ३३ अंश दक्षिणेवर आहे, म्हणजे नियमाने चांगलंच गरम हवं. पण किनाऱ्याला लागून हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो. सकाळी धुकं खोऱ्यात शिरतं, दुपारी वारा सुटतो, आणि १९८० च्या दशकात तिथे लावलेल्या पांढऱ्या जातींनी चिलीच्या वाइनची ओळखच बदलली. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात तर दिशाच उलटी झाली आहे. उत्तर गोलार्धात उत्तरेला गेलं की थंड होतं, ही आपली समजूत. नापात दक्षिणेचं टोक खाडीजवळ आहे, तिथून धुकं आणि गार वारा आत येतो, आणि उत्तरेकडे जावं तसं तापत जातं. म्हणून दक्षिणेच्या कार्नेरोसमध्ये पिनो न्वार आणि शार्डोने, तर जेमतेम ५० किलोमीटर उत्तरेच्या कॅलिस्टोगात कॅबर्ने सोव्हिन्यों. एकाच टेस्टिंगमध्ये ही दोन टोकं शेजारी ठेवली तर लोकांना ती दोन देशांची वाटतात.

थंड प्रदेशांचा झगडा बरोबर याच्या उलट: तिथे ऊब गोळा करावी लागते. जर्मनीतलं मोझेल खोरं ५० अंश उत्तरेच्या आसपास आहे. सपाट जमिनीवर तिथे रीझलिंग धड पिकणारच नाही. म्हणून वेली लावल्या आहेत नदीकाठच्या उभ्या कड्यांवर. काही उतार ६० अंशांचे, जिथे उभं राहायलाही कसरत. दक्षिणेकडे तोंड असलेल्या अशा उतारावर तिरपं ऊनही सरळ पडतं, पायाखालचा काळसर पाटीचा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडतो. इतकं करूनही साखर बेतानेच भरते. तिथली काबिनेट वर्गातली (जर्मन वर्गवारीतला हा हलका वर्ग) पारंपरिक रीझलिंग ८-९ टक्के अल्कोहोलवर थांबवलेली असते. थोडी साखर तशीच शिल्लक, पण आम्ल एवढं तेज की गोडी जाणवायच्या आधी तोंडाला पाणी सुटतं.

शाब्लीची डोकेदुखी वेगळी. तिथे संकट वसंतात येतं. डोळे फुटून कोवळे फुटवे बाहेर आले आणि एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला की काही तासांत वर्षाचं पीक जातं. बचावाचा एक उपाय पहिल्यांदा ऐकताना वेडेपणा वाटतो: गोठवणाऱ्या रात्री वेलींवर पाणी फवारायचं. पाणी गोठताना उष्णता सोडतं. जोवर नवं पाणी पडतंय आणि गोठतंय, तोवर बर्फाच्या आतला कोंब शून्याच्या आसपासच राहतो, त्याच्याखाली जात नाही. पंप मध्येच बंद पडला तर मात्र खेळ खलास. ज्यांच्याकडे फवारे नाहीत ते वेलींच्या ओळींमध्ये शेकडो मोठ्या मेणबत्त्या पेटवतात. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर असंच झालं होतं: मार्चअखेरच्या उबेने वेली लवकर फुटल्या आणि मागून कडाक्याची थंडी आली. त्या वर्षाची बाटली कमी दिसते, त्याचं कारण हे.

विषुववृत्ताकडे सरकलं की आणखी निराळा प्रश्न. थंडीच नाही, तर वेल विश्रांती घेतच नाही. तिथे हंगाम निसर्ग ठरवत नाही, छाटणीची कात्री ठरवते. वेल वर्षातून दोनदाही फळू शकते, आणि बागायतदार फळाचा काळ कोरड्या, त्यातल्या त्यात गार महिन्यांत येईल असं पाहतो.

पावसाबद्दल एवढंच पुरे की तो किती पडतो यापेक्षा केव्हा पडतो ते मोलाचं. तोडणीच्या तोंडावर पडला तर मणी पाणी शोषून फुगतात, फुटतात, कुजतात. फ्रान्समधलं बोर्दो अटलांटिकजवळ आहे आणि तिथे हा धोका कायमचा. म्हणून तिथली लाल वाइन एका जातीची क्वचितच असते: मेर्लो आधी पिकते, कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा. एकीला पावसाने गाठलं तर दुसरी सावरून घेते. लोक या मिश्रणाला चवीचं शास्त्र समजतात. मुळात तो बराचसा हवामानाचा विमा आहे.

आणि आता ती शेवटची गोड वाइन, जी क्रमात बसत नव्हती. बोर्दोच्याच दक्षिणेला सोतेर्नमध्ये सिरों ही गार पाण्याची छोटी नदी कोमट गारोन नदीला मिळते. शरदात तिथे सकाळी दाट धुकं धरतं. त्या ओलाव्यात बोट्रायटिस ही बुरशी मण्यांवर चढते, सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते. दुपारी ऊन आणि वारा आला तर त्या छिद्रांतून पाणी उडून जातं आणि मण्यात साखर, आम्ल, वास सगळं आटून दाट होतं. दुपारी ऊन आलं नाही, तर तीच बुरशी सगळा घड नासवून टाकते. काही तासांच्या उन्हावर सगळा मामला! जर्मनी आणि कॅनडातल्या आइसवाइनचं तंत्र याहून सरळ: घड वेलीवरच गोठू द्यायचे, जर्मनीत किमान उणे ७ आणि कॅनडात उणे ८ अंशांपर्यंत, आणि गोठलेलेच पिळायचे. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, दाट रस बाहेर येतो.

मातीचं काय, असा प्रश्न येणारच. टेस्टिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं की चुनखडीची चव येतेय. मला हे पटत नाही. मुळं दगडाची चव शोषून घडात पोचवत नाहीत. माती पाणी किती धरते, किती लवकर तापते, यावरून तिचा प्रभाव पडतो, म्हणजे तीही एका अर्थी हवामानाचंच काम पुढे नेते.

माणसाचा हात मात्र विसरून चालणार नाही. थंड प्रदेशात आंबवण्याआधी रसात साखर घालून अल्कोहोल वाढवतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पद्धतीचा पुरस्कार केला आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. उष्ण प्रदेशात उलट टार्टारिक आम्ल घालतात. दोन्हींना जागोजागी कायद्याची परवानगी आणि मर्यादा आहेत. शिवाय तोडणी आठ दिवस अलीकडे-पलीकडे केली तरी चव बदलते. त्यामुळे घोटावरून प्रदेश छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नये.

तरी अंदाज बांधता येतो, आणि त्याची सुरुवात बाटलीवरच्या अल्कोहोलच्या आकड्यापासून करावी. कोरडी (म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली) वाइन असेल आणि १२ टक्क्यांच्या आत असेल तर थंड जागा किंवा लवकरची तोडणी. १४.५ च्या वर असेल तर ऊन. मग घोट गिळल्यावर गालांच्या आतून लाळ किती सुटते आणि किती वेळ सुटत राहते ते पाहावं. आम्लतेचा याहून चांगला मापक नाही. घशात चढणारी ऊब अल्कोहोलची. आकडा मोठा आणि तरीही लाळ भरपूर, असं झालं तर उंची, थंड रात्री किंवा समुद्राचं धुकं, यांपैकी काहीतरी असणार (किंवा कुणीतरी आम्ल घातलंय).

यात एक व्यवहारातली अडचण आहे. ग्लासातलं तापमान चुकलं तर सगळी तुलना फसते. पांढरी वाइन फ्रिजमधून थेट ओतली तर तिचा वास दबतो आणि आंबटपणा टोचायला लागतो. लाल वाइन २५ अंशांच्या खोलीत उघडी ठेवली तर अल्कोहोल नाकात जातं आणि बरोसाची बिचारी शिराझ आहे त्याहून भडक वाटते. पांढरी ८ ते १२ अंश, लाल १५ ते १८, एवढं पाळलं तरी पुष्कळ. लाल वाइन वाढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला संकोच करू नये.

शिवाय हे सगळे प्रदेश आता जागच्या जागी सरकत आहेत. फ्रान्सच्या बर्गंडीतल्या बोन शहरात द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासूनची उपलब्ध आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की १९८८ नंतरची तोडणी त्याआधीच्या सहाशेहून अधिक वर्षांच्या सरासरीपेक्षा १३ दिवस लवकर होते. बोर्दोला २०२१ मध्ये सहा नव्या जाती मर्यादित प्रमाणात लावायची मुभा मिळाली. त्यातली तुरिगा नासिओनाल पोर्तुगालच्या उन्हात रुळलेली आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये फसफसणारी वाइन नियमित होऊ लागली आणि फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातल्या एका जुन्या वाइन-घराण्याने तिथल्या केंट परगण्यात स्वतःच्या वेली लावल्या. जर्मनीत २०१९ च्या हंगामात मात्र आइसवाइन कुठेच झाली नाही. उणे ७ अंशांची एकही रात्र कोणत्याच वाइन-प्रदेशातल्या घडांच्या वाट्याला आली नाही.

म्हणून टेस्टिंग ठरवताना माझा आग्रह असा, की सहा प्रदेशांच्या सहा बाटल्यांऐवजी एकदा एकाच मळ्याची दोन वर्षं शेजारी ठेवून पाहावीत: एक गार, पावसाळी वर्ष आणि एक तापलेलं. बर्गंडीत २००३ चा उन्हाळा असा होता की तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली, आणि त्या वर्षाच्या पिनो न्वारला दक्षिणेकडची म्हणून चकवता येईल. २०२१ त्याच्या अगदी उलट: वसंतातली गोठवणारी थंडी, गारवा, आंबट आणि सडपातळ. जुनी बाटली मिळवणं सोपं नाही, पण लागोपाठची दोन वर्षं बहुधा सापडतात: २०२० गरम आणि २०२१ गार.